पाठमोरी फटाकडी ओळखायची कशी?

तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत आधी मांडतो, म्हणजे मी काय समजलो ते तुम्हालाही कळेल. डिसेंबरचा पहिला आठवडा, सकाळी सातची वेळ. तलावाच्या काठी पाणकणसाच्या दाटीतून कोंबडीच्या पिल्लाएवढा पक्षी बाहेर आला. चोच 'जरा लांबट, लालसर', छाती राखाडी, पोटाच्या बाजूंना काळे-पांढरे पट्टे. चालताना शेपटी सारखी झटकत होता. चार-पाच सेकंद दिसला आणि गायब झाला. हाती लागला तो एकच धूसर फोटो, तोही पाठमोरा. फोनमधल्या ॲपने 'वॉटर रेल' सांगितलं, एक मित्र 'स्लेटी-ब्रेस्टेड रेल' म्हणाला, तर दुसऱ्याने 'अरे, पाणकोंबडीचं पिल्लू आहे' म्हणून विषय संपवला. यातलं खरं काय, आणि हा पक्षी नीट बघायचा तर काय करावं?

माझं मत आधीच सांगून टाकतो. फोटोतला पक्षी मला स्लेटी-ब्रेस्टेड रेल वाटतो. जुन्या पुस्तकांत हाच पक्षी 'ब्लू-ब्रेस्टेड बँडेड रेल' या नावाने सापडेल, तेव्हा दोन निरनिराळे पक्षी समजू नका. आता 'वाटतो' असं का म्हटलं, 'आहे' का नाही, ते जरा सविस्तर सांगावं लागेल.

थोडं नावांबद्दल, कारण सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो. पाणकोंबड्या, वारकरी आणि हे लाजरे छोटे पक्षी सगळे एकाच कुळातले. यातल्या लहान, लपून राहणाऱ्यांना मराठीत फटाकडी म्हणतात. इंग्रजीत ढोबळमानाने लांब चोचीच्यांना रेल आणि आखूड चोचीच्यांना क्रेक म्हणायची पद्धत आहे. ही वाटणी शास्त्रापेक्षा सवयीची जास्त, पण पाणथळीवर उभं असताना कामाला येते: चोच डोक्याच्या लांबीएवढी किंवा त्याहून मोठी दिसली तर रेलकडे बघायचं, कोंबडीसारखी आखूड दिसली तर क्रेककडे.

आता मूळ अडचणीकडे येतो. तुमची अडचण पक्ष्यांची माहिती कमी असण्याची नाही. पाच सेकंदांत जे दिसलं आणि नंतर पुस्तक उघडल्यावर मनाने जे भरलं, ते आता एकमेकांत मिसळून गेलंय. एक प्रश्न विचारतो, राग मानू नका. 'चोच लालसर' हे तुम्ही ॲपचं उत्तर बघण्याआधी कुठे लिहिलं होतं, की वॉटर रेलचं चित्र बघितल्यावर आठवलं? मी हे विचारतो कारण मी स्वतः यात सापडलोय. एका हिवाळ्यात मी वहीत मोठ्या आनंदाने 'स्पॉटेड क्रेक' लिहिली. छातीवर पांढरे ठिपके 'स्पष्ट' दिसले होते. सोबतच्या माणसाने काढलेले फोटो दोन दिवसांनी बघितले, तर ती साधी पाणकोंबडी निघाली, पहिल्या वर्षातली, तपकिरी. ठिपके म्हणजे ओल्या पिसांवर पडलेलं ऊन. तेव्हापासून एक सवय लावून घेतलीय: पक्षी आत गेला की आधी वहीत चार ओळी लिहायच्या, पुस्तक किंवा फोन मग उघडायचा. ज्या गोष्टी दिसल्याच नाहीत त्याही लिहायच्या. 'पाय दिसले नाहीत', 'डोक्यावर सावली होती' या नोंदी पुढे फार उपयोगी पडतात.

दुसरं म्हणजे, पुस्तकातली चित्रं पक्ष्याला बाजूने, उभा, उजेडात दाखवतात. प्रत्यक्षात फटाकडी तुम्हाला तशी कधी भेटत नाही. ती भेटते पाठमोरी, आत शिरताना. म्हणून मी नवीन माणसाला सांगतो की या कुळाची चित्रं मागून वाचायला शिका. शेपटी वर झटकली की शेपटीखालची पिसं क्षणभर दिसतात, आणि ओळखीचा अर्धा निवाडा तिथेच होतो. बाकी काही धड दिसलं नाही तरी चालेल, पण शेपटीखाली काय होतं ते बघायचंच, असं स्वतःला बजावून बसायचं.

काय दिसू शकतं? शेपटीखाली दोन पांढरे डाग आणि मध्ये काळी पट्टी असेल तर ती नेहमीची पाणकोंबडी, वय काहीही असो. म्हणजे तुमच्या दुसऱ्या मित्राचं म्हणणं तपासायला एवढी एकच खूण पुरते. पहिल्या वर्षातली पाणकोंबडी अंगाने मळकट तपकिरी असते, लाल कपाळ नसतं, चोचही फिकी हिरवट-तपकिरी असते, त्यामुळे भलेभले फसतात. पण कुशीवरची तुटक पांढरी रेघ आणि शेपटीखालचे ते दोन पांढरे डाग तिच्यातही असतात. शेपटीखाली तांबूस, जवळजवळ विटेचा रंग असेल तर ती पांढऱ्या छातीची पाणकोंबडी. तिच्या पिल्लांचा चेहरा मळका असतो, पण वाढत्या वयात हा तांबूस रंग तिथे येतोच. सगळंच पांढरंशुभ्र दिसलं आणि पक्षी चांगला दांडगा असेल तर जांभळी पाणकोंबडी. काहीच खुणा नसलेली साधी फिकट बदामी पिसं दिसली तर स्पॉटेड क्रेकचा विचार करायचा, आणि अशा वेळी मी दोनदा श्वास घेऊन पुन्हा बघतो, कारण ती सहज दिसणारी गोष्ट नाही. काळ्या-पांढऱ्या आडव्या पट्ट्या दिसल्या तर उरलेल्या मंडळींत शोध सुरू करायचा.

तुमच्या फोटोत शेपटीखाली मला पट्टेच दिसतात. धूसर आहेत, पण दोन पांढरे डाग नक्की नाहीत. तेव्हा पाणकोंबडीचं पिल्लू हा पर्याय माझ्या दृष्टीने बाद.

उरले दोन: वॉटर रेल आणि स्लेटी-ब्रेस्टेड. दोघांची छाती राखाडी, दोघांच्या कुशीवर पट्टे, दोघांच्या चोचीत लाल रंग. पाच सेकंदांत यांची गफलत होणं अगदी साहजिक आहे. पण पाठ बघितली की दोघे चटकन वेगळे होतात. वॉटर रेलची पाठ तपकिरी आणि तिच्यावर काळ्या रेघा, त्याही उभ्या, म्हणजे डोक्याकडून शेपटीकडे जाणाऱ्या. चिमणीची पाठ आठवा, साधारण तसंच. स्लेटी-ब्रेस्टेडच्या पाठीवर अशा काळ्या उभ्या रेघा नसतात. तिथे बारीक पांढऱ्या आडव्या रेघा आणि ठिपके असतात, कुणी टाचणीने ओरखडे काढावेत तसे. तुमचा फोटो मोठा करून बघा. उजव्या पंखाच्या वर, जिथे थोडा उजेड पडलाय, तिथे फिकट आडवी जाळी दिसते. काळ्या उभ्या रेघा मला कुठेच दिसत नाहीत. माझं मत मुख्यतः या एका खुणेवर उभं आहे.

डोकं दिसलं असतं तर वादच मिटला असता. स्लेटी-ब्रेस्टेडच्या डोक्याचा माथा आणि मान छान तांबूस असते आणि खालचा राखाडी रंग तिथे एकदम सुरू होतो, जणू टोपी घातलीय. वॉटर रेलचा माथा पाठीसारखाच तपकिरी, रेघारेघांचा. चोचीतही फरक आहे: वॉटर रेलची लांब, बारीक, किंचित खाली वळलेली आणि बरीचशी लाल, स्लेटी-ब्रेस्टेडची त्या मानाने आखूड, जाड, आणि लाली मुख्यतः बुडाशी व खालच्या भागात. तुम्ही 'जरा लांबट' म्हणालात. वॉटर रेल बघितलेला माणूस 'जरा' म्हणत नाही, त्याला चोचच आधी दिसते. पण हा काही पुरावा नाही, माझा कयास आहे.

इथे एक अडचण प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. स्लेटी-ब्रेस्टेडची पावसाळ्यात जन्मलेली पिल्लं डिसेंबरपर्यंत मोठ्यांएवढी झालेली असतात, पण त्यांचा माथा तितका तांबूस नसतो आणि अंगावरच्या खुणाही पुसट असतात. तुम्ही बघितलेला पक्षी तसा असेल तर 'तांबूस टोपी दिसली नाही' यावरून काहीच ठरत नाही. शिवाय वॉटर रेल हे आता दोन निराळ्या जातींत मोडतं. पश्चिमेकडची जात हिवाळ्यात मुख्यतः आपल्या देशाच्या वायव्य भागात येते; पूर्वेकडची, जिच्या गालावर तपकिरी पट्टा असतो, ती ईशान्येकडे. महाराष्ट्रात वॉटर रेलच्या नोंदी विरळ आहेत, तर स्लेटी-ब्रेस्टेड इथली बारमाही रहिवासी आहे. जिथे भातखाचरं, ओली गवताळ कुरणं, पाणकणीस किंवा खारफुटीच्या कडा आहेत तिथे ती असू शकते. तुम्ही राजस्थानातल्या एखाद्या तळ्यावरून लिहिलं असतंत तर मी इतक्या सहज कौल दिला नसता. म्हणजे माझ्या उत्तरात तुमच्या तलावाची जागा हाही एक पुरावा आहे, आणि जागेचा पुरावा हा नेहमी दुय्यम. विरळ पक्षी कधीतरी येतात, म्हणून तर त्यांना विरळ म्हणतात.

आता आकार. 'कोंबडीच्या पिल्लाएवढा' हे मोजमाप मला फार वेळा ऐकायला मिळतं आणि त्यातून काहीच कळत नाही, कारण कोंबडीचं पिल्लू रोज वाढतं. साळुंकी हे माप वापरा. ती सगळ्यांच्या डोळ्यांत बसलेली असते आणि साधारण 23 ते 25 सेंमी भरते. स्लेटी-ब्रेस्टेड साधारण 27 सेंमी, म्हणजे साळुंकीपेक्षा थोडी मोठी. तांबूस फटाकडी, जिला इंग्रजीत रडी-ब्रेस्टेड क्रेक म्हणतात, ती 22च्या आसपास, साळुंकीहून किंचित लहान. बेलनची फटाकडी म्हणजे बेलन्स क्रेक, ती 17-18 सेंमी, चिमणीहून जेमतेम मोठी. ती पहिल्यांदा बघणाऱ्याला पक्षी आहे की उंदीर असा प्रश्न पडतो. आजूबाजूला साळुंकी नसेल तर पाणकणसाचं पान आहेच. पक्ष्याच्या शेजारचं पान फोटोत किती रुंद दिसतं ते बघा, दुसऱ्या दिवशी तिथल्याच पानाची रुंदी मोजा, आणि त्रैराशिक मांडा. मी हे अनेकदा केलंय. अगदी अचूक आकडा येत नाही, पण 18 की 27 हा वाद मिटतो.

तांबूस फटाकडीचा विषय निघालाच आहे तर तिच्याबद्दलही सांगतो, कारण तुमच्या तलावावर तीही असण्याची शक्यता चांगली आहे. छाती-पोट विटकरी-तांबूस, चोच आखूड आणि गडद, आणि पाय लालभडक. पाय दिसले की प्रश्नच संपतो. हिच्यासारखाच तांबूस चेहरा-छातीचा, पण पोटावर ठसठशीत काळे-पांढरे पट्टे आणि पाय राखाडी-हिरवट असलेला दुसरा पक्षी म्हणजे स्लेटी-लेग्ड क्रेक. तो उघड्या पाणथळीपेक्षा झाडीतल्या ओल्या जागांचा. आणि गंमत म्हणजे पुष्कळ लोकांना तो आयुष्यात पहिल्यांदा दिसतो तो जिन्यात, गच्चीवर किंवा मोरीत. हे पक्षी रात्री प्रवास करतात आणि दमून किंवा दिव्यांनी भांबावून भलत्याच ठिकाणी उतरतात. असा सापडला तर फोटोसाठी हाताळत बसू नका. भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, शांत ठेवा, जखम नसेल तर संध्याकाळ झाल्यावर जवळच्या झाडीच्या ओलसर जागी सोडा; जखम असेल तर वनविभागाला कळवा.

ब्राउन क्रेकचं एका वाक्यात: राखाडी-तपकिरी, पोटावर किंवा शेपटीखाली एकही पट्टा नाही, ओढ्या-ओहोळांच्या काठची. तुमचा पक्षी पट्ट्यांचा होता, तेव्हा ती नाही.

बेलनची फटाकडी आणि तिची जुळी म्हणावी अशी लिटल क्रेक यांतला फरक मात्र समजून घेण्यासारखा आहे, कारण हिवाळ्यात 'छोटी, निळसर राखाडी, कुठली?' हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो. बेलनची चोच नुसती हिरवट. लिटलच्या चोचीच्या बुडाशी लाल ठिपका. बेलनच्या कुशीवरचे पट्टे पुढेपर्यंत येतात. लिटलचे मागेच संपतात. बेलनच्या पंखाचं टोक आखूड, लिटलचं लांब, पंख मिटल्यावर वरच्या पिसांबाहेर ठळक डोकावणारं. लिटलची मादी खालून बदामी रंगाची असते, पण बेलनची कोवळी पिल्लंही तशीच फिकी असतात, तेव्हा 'बदामी म्हणजे लिटल' असं समीकरण करू नका. चोच आणि पंख बघा. हिवाळ्यात आपल्याकडे दिसणारी बहुतेक वेळा बेलनचीच असते.

आणखी एक गफलत, जी तुमची नाही पण दर पावसाळ्यात कुणाची तरी होते. जुलै-ऑगस्टमध्ये मला 'काळीकुळकुळीत फटाकडी दिसली, पुस्तकात नाही' असे निरोप येतात. या कुळातल्या बहुतेक सगळ्यांची पिल्लं अंड्यातून बाहेर पडतात तीच काळ्या लवेची असतात आणि लवकरच आईबापांच्या मागे पळायला लागतात. तो काळा गोळा पांढऱ्या छातीच्या पाणकोंबडीचा असण्याची शक्यता सगळ्यात मोठी. थोडं थांबलात तर आई हाक मारतेच.

ॲपबद्दल. त्याला दोष देऊ नका. धूसर पाठमोऱ्या फोटोवर मीही हात वर केले असते. ॲपचं उत्तर हा मी एका सुशिक्षित पण घाईतल्या मित्राचा सल्ला समजतो: त्याने सुचवलेले पहिले तीन पक्षी घ्यायचे आणि प्रत्येकाला बाद करणारी एक खूण शोधायची. खरा ठरवणारी खूण शोधायला गेलं की ती सापडतेच, डोळे तसेच असतात. बाद करणारी शोधली की निदान फसवणूक कमी होते.

आवाजावरून ओळखता येईल का, असंही तुम्ही विचारलंत. येईल, पण हिवाळ्यात फारशी आशा धरू नका. पावसाळ्यात विणीच्या काळात हे पक्षी बोलके असतात; तांबूस फटाकडीची खाली-खाली उतरत जाणारी थरथरती किंकाळी एकदा ऐकली की विसरत नाही, पण ती टिबुकली या छोट्या पाणपक्ष्याच्या आवाजाशी इतकी मिळते की मी आजही दोनदा ऐकल्याशिवाय लिहीत नाही. वॉटर रेल डुकराच्या पिल्लासारखं किंचाळतं. स्लेटी-ब्रेस्टेड त्या मानाने अबोल, अधूनमधून कर्कश 'क्रेक' एवढंच. बेलनच्या फटाकडीचा कोरडा खरखराट बेडकासारखा वाटतो. आणि रात्रभर 'क्वॅक क्वॅक' करून झोप उडवणारी असते ती पांढऱ्या छातीची पाणकोंबडी, जिला लाजरी म्हणायला माझी जीभ वळत नाही.

आता मला आवडणाऱ्या भागाकडे वळतो: हा पक्षी पुन्हा कसा बघायचा. त्यासाठी तो असा का वागतो हे कळायला हवं. फटाकडीचं शरीर दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखं अरुंद असतं. समोरून बघितलंत तर ती इतकी बारीक दिसते की विश्वास बसत नाही. पाणकणसाच्या दोन काड्यांमधून, एकही पान न हलवता, ती धावू शकते. बोटं लांब, त्यामुळे जलपर्णीवर किंवा तरंगत्या गवतावर बुडत नाही. पोहताही येतं, छोटी मोकळी जागा पोहून ओलांडताना मी तिला पुष्कळदा बघितलंय. उडणं हा तिचा शेवटचा उपाय. अगदी पायाशी आलात तर पाय लोंबकळत ठेवून, फडफडत पाच-दहा मीटर जाते आणि टपकन दाटीत पडते. हे बघून वाटतं की हिला उडताच येत नसेल, पण हेच पक्षी स्थलांतरात रात्रीच्या रात्री उडत शेकडो मैल कापतात. यांच्यातल्या कित्येक जाती विणीनंतर उडायची सगळी पिसं एकदम टाकतात आणि काही आठवडे खरोखरच उडू शकत नाहीत. त्या काळात त्या आणखीनच आत दडतात.

खाणं मात्र त्यांना बाहेर काढतं. किडे, अळ्या, गोगलगायी, गांडुळं, बिया, जे मिळेल ते, आणि हे सगळं भरपूर मिळतं ते दाटी आणि पाणी यांच्या मधल्या ओल्या गाळाच्या पट्टीत. ही पट्टी कधी हातभर रुंद असते, कधी दहा हात. पावसाळा संपून पाणी उतरू लागलं की ती उघडी पडते, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा फटाकड्या दिसण्याचा उत्तम काळ. पाणी काठोकाठ असेल तर त्यांना बाहेर यायचं कारणच नसतं. तलावावर गेलात की आधी पक्षी शोधू नका, ही पट्टी शोधा. तिच्यावर दाटीतून बाहेर येणाऱ्या फटी असतात, बारीक पायवाटांसारख्या. गाळात लांब बोटांचे ठसे दिसतील. त्यातली एक फट निवडा.

आणि बसा. माझी पद्धत अशी: सूर्य पाठीशी, फटीपासून पंधरा-वीस मीटरवर, उजाडायच्या आधी, जमिनीलगत. उभा माणूस आकाशावर उठून दिसतो. निदान चाळीस मिनिटं हलायचं नाही. आधी बगळे सैल होतात, मग पाणकोंबड्या बाहेर येतात, आणि त्या निवांत चरायला लागल्या की दहा-पंधरा मिनिटांत फटाकडीचं डोकं फटीत दिसतं. पाणकोंबडी दचकून आत पळाली की फटाकडी येत नाही, तेव्हा त्या दिवशी तुमची पहारेकरी तीच असं समजा. म्हशी पाण्यात उतरल्या तर उठून जाऊ नका. म्हशी पाणकणसातून चालत येतात तेव्हा त्यांच्या पुढे फटाकड्या काठाकडे सरकतात, आणि म्हशीला त्या माणसाइतकं घाबरत नाहीत. मला बेलनची फटाकडी सगळ्यात जवळून दिसली ती एका म्हशीच्या खुरांपासून हातभर अंतरावर.

शेपटी झटकण्याबद्दल तुम्ही लिहिलंत, ते या कुळाचं वैशिष्ट्यच आहे. शिकाऱ्याला 'मी तुला बघितलंय' असं कळवण्याची ती खूण असावी, असं काही अभ्यासक मानतात. माझ्या उपयोगाचा भाग असा की झटकणं वाढलं तर पक्ष्याला तुमचा सुगावा लागलाय. त्या क्षणी दुर्बीणसुद्धा खाली घेऊ नका, आहात तसे राहा. पुष्कळदा तो आत जाऊन दोन-तीन मिनिटांत त्याच फटीतून परत येतो. आपण 'गेला' म्हणून उठतो आणि खरा पळवून लावतो तो तेव्हा. तुमच्या बाबतीतही, पाच सेकंदांनंतर तुम्ही काठाकडे चालत गेलात असं लिहिलंय. नेमकं तेच टाळा. हे पक्षी हिवाळ्यातही आपापला तुकडा धरून राहतात, त्यामुळे आठवडाभरात त्याच फटीसमोर बसलात तर तोच पक्षी दिसायची शक्यता चांगली आहे.

फोनवरून आवाज वाजवून बाहेर काढावं का? मी करत नाही आणि तुम्हीही करू नये असं मला वाटतं. पक्षी येतो, नाही असं नाही. पण तो भूक सोडून, उघड्यावर, नसलेल्या घुसखोराशी भांडायला येतो, आणि वर घार-शिक्रा असतातच. विणीच्या काळात तर अजिबातच नको. दगड मारून किंवा कुत्रं सोडून दाटी हलवण्याबद्दल बोलायलाच नको. पावसाळ्यात चालताना घरटं पायाशी आलं, तर फोटो न काढता आलात त्याच वाटेने मागे फिरा, तुडवलेली वाट कुत्र्या-मुंगसांना थेट घरट्याशी नेते.

जाता जाता एक तक्रार. तलाव 'सुंदर' करायचे म्हणून काठाला दगडी भिंत आणि पाणकणसाची सफाई, हे हल्ली सर्रास दिसतं. गाळाची ती पट्टी गेली की फटाकडी त्याच हंगामात जाते. मी ज्या तळ्यावर हे पक्षी बघायला शिकलो तिथे आता कारंजं आहे, पाणकोंबडीसुद्धा क्वचित दिसते. तुमच्या तलावावर अजून पाणकणीस शिल्लक आहे, तर कुठली फट, कुठली तारीख, पाणी कुठवर, हे लिहून ठेवा. उद्या कुणी 'इथे काय आहे जपण्यासारखं?' असं विचारलं तर या नोंदीच दाखवता येतील.

राहिला प्रश्न नोंदीत काय लिहायचं. एवढ्या फोटोवर मी स्वतः स्लेटी-ब्रेस्टेड असं नाव घालून नोंद केली नसती. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर 'रेल किंवा क्रेक, जात अनिश्चित' अशी नोंद करायची सोय आहे, ती वापरा, फोटो जोडा, आणि शेऱ्यात पाठीवरच्या आडव्या फिकट रेघा आणि शेपटीखालचे पट्टे एवढंच लिहा. चोचीचं, नक्की आठवत असेल तरच. पुढच्या खेपेला त्याच फटीसमोर बसा आणि या वेळी नजर माथ्यावर ठेवा. तांबूस टोपी दिसली तर जुनी नोंद उघडून नाव बदलायला दोन मिनिटं लागतात.